कपडे वाळत घालण्यास सक्त मनाई

माणसाने जन्माला येऊन एकदा तरी स्वतःच्या हाताने जमिनीत खांब पुरावा, हा विचार नियमकाकांच्या मनात आला तो एका ओल्या अभ्र्यामुळे. समुद्राकाठची हवा. उशीचा अभ्रा सकाळी गॅलरीत वाळत घातला, तर संध्याकाळी तो सकाळपेक्षा ओला निघायचा. काकूंनी तो काकांच्या हातात ठेवला आणि तुमच्या उशीला असाच घालू का, एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही. चढलेला आवाज काकांना चालायचा. न चढलेला असला, की मामला गंभीर असायचा.

नियमकाका हे नाव बिल्डिंगने ठेवलं होतं. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबायचा, आणि लिफ्टमध्ये गर्दी झाली की कोणी न सांगता आपण होऊन उतरायचा. अशा नाकासमोर चालणाऱ्या माणसाच्या हातून गुन्हा घडायचाच असेल, तर तो किती साधा असावा? दोन खांब आणि एक दोरी.

तळमजल्यावरच्या त्यांच्या घराचं मागचं दार उघडलं, की चार पावलं मोकळी जमीन आणि तिच्यापुढे पाणथळ. भरतीला तिथे गुडघाभर खारं पाणी, ओहोटीला चकचकीत चिखल, आणि त्या चिखलात बारा महिने कसले ना कसले पक्षी. ही सगळी जागा सरकारने पक्ष्यांसाठी राखून ठेवलेली होती. मात्र राखीव जागा नेमकी कुठून सुरू होते हे कोणालाच माहीत नव्हतं, सरकारला तर मुळीच नव्हतं. एके काळी तारेचं कुंपण होतं, ते गंजून पडलं आणि भंगारात गेलं. हद्दीचे दगड होते, ते चिखलाने गिळले. मोजणी चालू आहे, असं काका तिथे राहायला आल्यापासून ऐकत होते.

खड्डा खणणाऱ्या माणसाभोवती माणसं जमतात, हा निसर्गनियम आहे. काकांनी पहार हातात घेतल्याबरोबर वरच्या मजल्यावरचे वकील उतरले, मागोमाग सोसायटीचे चेअरमन आले, आणि दोघेही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. लोखंडी खांब खाऱ्या हवेत सडेल, असं वकिलांचं मत पडलं. लाकडी खांबाला वाळवी लागेल, असं चेअरमनांचं पडलं. तिसरा कसला खांब असतो हे दोघांपैकी कोणालाच सांगता आलं नाही, पण काकांनी जो आणला होता तो चुकीचा होता यावर एकमत झालं. काकांनी पाणसळ लावून लावून खांब उभे केले. एक सरळ राहिला. दुसरा जरा समुद्राकडे झुकला, आणि पाणसळीलाच काहीतरी झालंय असं काकांनी जाहीर केलं.

पण कपडे वाळले. कसे वाळले म्हणता, कडकडीत. काकूंनी अभ्रा दोरीवरून काढला आणि गालाला लावून पाहिला. इतक्या वर्षांच्या संसारात काकांच्या कुठल्याही कर्तृत्वाला त्यांनी गाल लावला नव्हता. त्या दिवसापासून काका रोज सकाळी स्वतः कपडे वाळत घालायला लागले, आणि काम संपलं तरी बराच वेळ तिथेच रेंगाळायला लागले.

पक्ष्यांचं म्हणाल, तर पहिल्या दिवशी चादर फडफडली तेव्हा सगळा थवा उडून पार पलीकडे गेला. दुसऱ्या दिवशी थोडा अलीकडे उतरला. पुढे पुढे तर शेकाट्यांचं एक जोडपं दोरीच्या जवळपासच वावरायला लागलं. शेकाट्या म्हणजे काळ्या-पांढऱ्या अंगाचा, बारीक चोचीचा पक्षी, आणि पाय इतके लांब आणि गुलाबी की ते दुसऱ्याच कोणाचे तरी चुकून त्याला लागलेत असं वाटावं. काकांनी आयुष्यात पक्षी असा कधी पाहिलाच नव्हता, म्हणजे डोळ्यांपुढून गेला असेल तेवढाच. आता ते जेवताना काकूंना शेकाट्यांच्या घरातल्या बातम्या सांगायला लागले. नवरा काटक्या आणतो, बायकोला त्या पसंत पडत नाहीत. त्यात विशेष काय, असं काकू म्हणाल्या.

हे सुख नजर लागण्यासारखंच होतं, आणि लागली ती फोटोवाल्याची. तोफेएवढा कॅमेरा घेऊन पहाटे चिखलात पालथा पडणारा हा माणूस पक्षीमित्र होता. माणसांचा तो मित्र असल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. त्याने पाणथळीतल्या रोहित पक्ष्यांचा फोटो काढला आणि रविवारच्या पुरवणीत तो मोठा छापून आला. गुलाबी पंख पसरलेला रोहित, मागे उगवता सूर्य, आणि त्या दोघांच्या अगदी मधोमध काकांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. खाली छापलं होतं, 'पाणथळीवर मानवी आक्रमण'. त्या रविवारी काका दिवसभर घराबाहेर पडले नाहीत. चेअरमन मात्र पुरवणी दाखवायला घरी येऊन गेले, न जाणो काकांकडे तो पेपर येत नसेल.

मग पाणथळीचा रक्षक आला. खाकी कपडे, गळ्यात दुर्बीण आणि सायकलच्या कॅरिअरला आडवा बांधलेला एक बोर्ड. रक्षक स्वभावाने गरीब होता. पक्ष्यांचे त्याला दोनच प्रकार ठाऊक होते, मोठे आणि लहान, आणि पाण्याची त्याला भीती वाटायची. त्याने काकांना लेखी ताकीद दिली आणि दोरीच्या शेजारीच बोर्ड पुरला. वर छापील अक्षरात होतं, 'संरक्षित पाणथळ येथून सुरू'. खाली ताज्या रंगाने लिहिलेलं होतं, 'येथे कपडे वाळत घालण्यास सक्त मनाई आहे'. नीट निरखून पाहिलं, तर त्या रंगाखालून 'गाड्या धुण्यास' ही जुनी अक्षरं डोकावत होती. खात्याकडे बोर्ड एकच होता. जिथे गुन्हा चालू असेल तिथे तो जायचा, गुन्हेगार सुधारला की पुढच्या गुन्हेगाराकडे.

काकांच्या जिव्हारी लागलं ते हे. ज्या माणसाने कधी बागेतल्या हिरवळीवर पाऊल टाकलं नाही, त्याच्या मागच्या दाराशी सरकारने पाटी लावावी? दूधवाला नव्या पोऱ्याला पत्ता सांगताना 'तो मनाईवाला बोर्ड आहे ना, तेच घर' असं म्हणाला, ते काकांनी आतून ऐकलं. त्याच दिवशी त्यांनी दोरी सोडली. कपडे पुन्हा गॅलरीत गेले, अभ्रे पुन्हा ओले झाले आणि काकू पुन्हा आवाज न चढवता बोलायला लागल्या. काकांनी ते सगळं सोसलं. काही दिवसांनी रक्षक येऊन काका सुधारल्याची खात्री करून गेला आणि नंतर बोर्ड न्यायला आला, तेव्हा काकांनी स्वतः हात लावून बोर्ड उपटला आणि सायकलला बांधायला घरची दोरी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डंपर आला.

शेजारच्या मोकळ्या जागेवर एक बिल्डर मोठं संकुल बांधत होता, आणि पाडलेल्या जुन्या इमारतींचा राडारोडा बऱ्याच दिवसांपासून पाणथळीच्या कडेकडेने पुढे सरकत होता. हे काकांना दिसत नव्हतं असं नाही, पण ते तिकडे होतं. आता ते इकडे आलं. बोर्ड होता त्याच जागेवर डंपरने पाठ वर केली, आणि विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, कोणाच्या तरी मोरीची निळ्या टाइल्स लावलेली अख्खी भिंत, सगळं धडधडत चिखलात गेलं. त्या चिखलात एक उंचवटा होता. त्याच्यावर शेकाट्यांनी घरटं केलं होतं आणि काकांनी दोन दिवसांपूर्वीच त्यात अंडी पाहिली होती.

दोन्ही शेकाटे वर उडाले आणि त्या ढिगाऱ्यावरून ओरडत घिरट्या घालत राहिले. डंपर गेला, धूळ बसली, तरी त्यांचं ओरडणं थांबेना. काका मागच्या दारात ब्रश तोंडात धरून उभे होते. त्यांना आधी वाईट वाटलं आणि मग राग आला. पाटी लागली तेव्हा आला होता तसला मानापमानाचा राग नव्हे. साधा, दुसऱ्यासाठी आलेला राग. तसला राग आपल्याला येतो हे त्यांना म्हातारपणी कळत होतं.

त्यांनी रक्षकाला गाठलं. रक्षकाने आपले अधिकार समजावून सांगितले. कपडे त्याच्या अधिकारात येत होते, शेळ्या येत होत्या, पतंग येत होते. भराव येत नव्हता. भराव हा वरच्या साहेबांचा विषय होता, आणि त्या साहेबांनी मोजणी पूर्ण झाल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं होतं. चेअरमनना विचारलं तर ते खूश होते. जमीन वर आली की डास जातील आणि जागांना भाव येईल असा त्यांचा हिशेब होता. वकिलांनी मात्र काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, कशाला नादी लागता? बिल्डरशी वैर घेणं म्हणजे टिटवीने समुद्र आटवायला निघण्यासारखं आहे."

"वकीलसाहेब," काका म्हणाले, "म्हणीत ती आटवते."

मग काका पाणथळीच्या कचेरीत गेले. तिथल्या मुख्य अधिकारी एक मॅडम होत्या. नुकत्याच बदलून आलेल्या, आणि लवकरच बदलून जाणार असल्यासारख्या दिसणाऱ्या, कारण त्यांनी टेबलाखालची खोकी अजून उघडलेलीच नव्हती. त्यांनी काकांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. भरावाबद्दल त्यांनी स्वतः लिहून लिहून हात दुखवून घेतले होते. हद्दीवर खूण नाही, म्हणून हद्दच नाही, असं त्यांना वरून उत्तर येत होतं. बोर्ड असेल तिथे मात्र डंपर माल टाकत नसत. बोर्डापुढे माल टाकला की गाडी जप्त होते, आणि मालक ती सोडवायला येत नाही, हे ड्रायव्हर लोकांना पक्कं ठाऊक होतं.

"मग तो बोर्ड परत लावा ना," काका म्हणाले.

"तुमच्याकडे आता गुन्हा नाही, काका. चालू गुन्हा असल्याशिवाय मला बोर्ड देता येत नाही."

काका उठता उठता परत बसले. "म्हणजे मी गुन्हा केला तर?"

"मी असं काही म्हटलेलं नाही," असं म्हणून मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. आणि काका उठून दारापर्यंत पोचले, तेव्हा खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "आज ऊन चांगलं आहे."

काका घरी आले ते नवी दोरी घेऊनच. तोच पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा त्यांनी स्वतःच्या हाताने धुतला, घट्ट पिळला आणि फोटोत होता तिथेच, गुन्हा लांबूनही ओळखू यावा म्हणून पाय पसरून, वाळत घातला. मग रक्षकाच्या चौकीवर जाऊन स्वतःविरुद्ध तक्रार दिली. रक्षक पाहायला आला आणि त्याला खरोखरच वाईट वाटलं.

"काका, तुम्ही सुधारला होता ना?"

"बिघडलो," काका म्हणाले.

बोर्ड परत आला. डंपर आला, बोर्ड पाहून थबकला आणि आल्या वाटेने मागे गेला. त्या दिवशी काका दोन घास जास्त जेवले. आठवडाभरात शेकाट्यांनी दोरीजवळच्या दुसऱ्या उंचवट्यावर काटक्या गोळा करायला घेतल्या. पहिल्या काटक्या याही खेपेस बायकोला पसंत पडल्या नाहीत.

गुन्हा हा असा, की एकाने केला आणि तो फायद्याचा दिसला, की दुसऱ्याला राहवत नाही. कडकडीत वाळलेले काकांचे कपडे पाहून आधी वकिलांच्या घरचे टॉवेल उतरले, मग चौथ्या मजल्यावरच्या चादरी, मग खुद्द चेअरमनांचे मोजे. पक्ष्यांबिक्ष्यांचं कोणाला काही नव्हतं, सगळ्यांना फक्त कोरडे कपडे हवे होते. पण आता गुन्हा काकांच्या हद्दीत चालला होता, आणि काकांच्या हद्दीत बेशिस्त कशी चालेल? त्यांनी नियम केले. लाल कपडा घालायचा नाही, शेकाट्या बिचकतो. चादरीला दोन्ही टोकांना चिमटे हवेत. घरट्याच्या बाजूला फक्त लहान कपडे. गुन्हा करताना मोठ्याने बोलायचं नाही. एका बाईंनी लाल गाऊन आणला, तेव्हा काकांनी तो परत पाठवला. गुन्हा करायचा तर नियमाने करा, असं बजावलं. रक्षक रोज येऊन कपडे मोजायचा, कचेरीत कळवायचा आणि जाताना आपला ओला रुमालही टांगून जायचा.

घरट्यात अंडी आली. चार होती. मादी बसली, नर पहाऱ्याला उभा राहिला आणि काकांनी मागच्या दाराशी खुर्ची टाकली.

मग बिल्डरचा माणूस आला. इतका गोड बोलणारा माणूस त्या बिल्डिंगने पाहिला नव्हता. काकूंनी पहिल्याच भेटीत त्याचं नाव 'मधाचं बोट' ठेवलं. त्याने राडारोड्याचं नावही काढलं नाही. एवढ्या सुशिक्षित लोकांना रोज कायदा मोडावा लागतो, याचं आमच्या मालकांना फार दुःख होतं, असं तो म्हणाला. म्हणून मालकांनी बिल्डिंगच्या गच्चीवर स्वतःच्या खर्चाने पत्र्याची शेड घालून द्यायचं आणि घरटी एक स्टीलचं कपडे वाळत घालायचं स्टँड द्यायचं ठरवलं होतं. फुकट. कशाच्या बदल्यात? कशाच्याही नाही. फक्त सगळ्यांनी कायदा पाळावा.

लाच पुष्कळांनी पुष्कळ कामांसाठी दिलेली आहे, पण कायदा पाळण्यासाठी लाच दिल्याचं काकांच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी बिल्डिंगची सभा बोलावली आणि सगळं उलगडून सांगितलं. कपडे गेले की गुन्हा गेला, गुन्हा गेला की बोर्ड गेला, बोर्ड गेला की डंपर आला. सगळ्यांनी मान डोलावली. वकिलांनी तर काकांच्या कायद्याच्या अभ्यासाचं कौतुकही केलं. सभा संपली आणि सगळे गच्चीवर आपापलं स्टँड निवडायला गेले. आठवडाभरात दोरी रिकामी झाली. चेअरमनांचे मोजे सगळ्यात आधी गेले.

उरले काका एकटे. आपली नाही तर काकूंची, काही ना काही वस्तू ते रोज नेमाने वाळत घालत होते. मधाच्या बोटाने काकूंसाठी कपडे धुऊन वाळवूनच बाहेर काढणारं मशीन पाठवलं. काकूंनी ते दारातूनच परत पाठवलं आणि मग दिवसभर काकांशी बोलल्या नाहीत, कारण मशीन चांगलं होतं. संध्याकाळी त्या आपण होऊन मागच्या दाराशी आल्या आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"किती दिवस राहिलेत पिल्लं बाहेर यायला?"

"थोडेच."

"मग तेवढे दिवस काय वाट्टेल ते झालं तरी हटू नका," काकू म्हणाल्या. "मशीन परत केलंय मी. ते वाया जाता कामा नये."

आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच चेअरमनांना पाण्याची टाकी साफ करायची आठवण झाली. ती टाकी साफ झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पण मधाच्या बोटाने माणसंही दिली होती आणि वेळही सुचवली होती. सकाळपासून नळ कोरडे. धुणं नाही. काका काल वाळलेले कपडे घडी करून आत ठेवून बसले होते, आणि नेमक्या त्याच सकाळी मॅडम अचानक पाहणीला आल्या. त्यांना वरून हुकूमच तसा अचानक आला होता. मधाचं बोट मात्र आधीच येऊन चेअरमनांबरोबर सावलीत उभं होतं. रक्षकाच्या खांद्यावर पहार होती.

मॅडमनी रिकाम्या दोरीकडे पाहिलं. मग घरट्याकडे पाहिलं. "आज काही दिसत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात काकांना निराशा ऐकू आली. मी जरा त्या टोकापर्यंत जाऊन येते, तोवर बोर्डाला हात लावू नका, असं रक्षकाला सांगून त्या निघाल्या, आणि तुरुतुरु चालणाऱ्या त्या मॅडम मुद्दाम रमतगमत गेल्या. शहाण्या माणसाने तेवढ्यात घरात जाऊन काहीतरी आणलं असतं. पण मधाचं बोट काकांजवळ येऊन त्यांच्या प्रकृतीची चौकशी करायला लागलं, काकांच्या वयाच्या माणसाने उन्हात उभं राहू नये असं सांगायला लागलं, आणि काका भांडत बसले. मॅडम परत आल्या तेव्हा दोरी होती तशीच होती.

"काढा," मॅडम हळूच म्हणाल्या.

रक्षकाने पहार बोर्डाच्या पायाशी घातली. शेकाट्याचा नर उडाला आणि ओरडायला लागला. मादी अंड्यांवरून हलली नाही.

काकांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. मग त्याखालचं. काकांना चक्कर येतेय असं वाटून चेअरमन पुढे धावले. पण काकांनी शर्ट अंगातून काढला, झटकला, दोरीवर पसरला आणि स्वतःच्याच नियमाप्रमाणे दोन्ही खांद्यांना चिमटे लावले. दारात पेपर उचलायलाही शर्ट घालून येणारा हा माणूस बगलेत भोक पडलेल्या बनियनवर एका सरकारी बाईंपुढे उभा राहिला. वर एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या.

"मॅडम, गुन्हा चालू आहे," काका म्हणाले. "लिहून घ्या."

पहार थांबली. मॅडमनी पेन काढलं. पण मधाचं बोट काही उगाच पगार घेत नव्हतं. ते पुढे झालं आणि अदबीने म्हणालं, की मॅडम, शर्ट कोरडा आहे. कोरड्या कपड्याला वाळत घातला असं कसं लिहिणार? उद्या वर कोणी विचारलं तर तुम्हीच अडचणीत याल. मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं तिथेच राहिलं. वरच्या खिडकीतून वकिलांनी नाइलाजाने सांगितलं, की मुद्दा बरोबर आहे.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि काकू बाहेर आल्या. हातात बादली. पाणी बंद होणार म्हणून स्वयंपाकाला भरून ठेवलेली घरातली ती एकुलती एक बादली होती. त्या तडक दोरीपर्यंत गेल्या.

"इतकी वर्षं संसार केला, अहो, आणि कपडा कोरडा वाळत घालता?" त्या म्हणाल्या. "गुन्हा तरी नीट करा."

आणि त्यांनी अख्खी बादली शर्टावर ओतली. शर्टात मावलं नाही ते शेजारी उभ्या असलेल्या मधाच्या बोटाच्या पँटवर गेलं. पँट वाळत घालायची असेल तर दोरी मोकळी आहे, असं काकूंनी त्याला आवाज न चढवता सांगितलं.

मॅडमनी रक्षकाकडे पाहिलं. रक्षकाने पुढे होऊन शर्टाची बाही दोन बोटांत धरून दाबली. "ओला आहे, मॅडम. चिंब."

मॅडम उभ्यानेच लिहायला लागल्या. काकांनी आपलं नाव वडिलांच्या नावासकट, स्पष्ट, खिडक्यांपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं. इथे किती दिवसांपासून कपडे वाळत घालता, असं विचारल्यावर खरं ते सांगितलं. यापुढे घालणार का, असं विचारल्यावर म्हणाले, "रोज. जिवात जीव आहे तोवर." हे जसंच्या तसं लिहून घ्या, असंही बजावलं. मॅडमनी लिहिलं, कागद मिटला आणि बोर्डाला हात लावून पाहिला. तो जरासा हलला.

"पहार आणलीच आहे, तर खड्डा खोल करून घ्या," त्या रक्षकाला म्हणाल्या. "फारच वरवर पुरलाय हा."

मधाचं बोट पँट झटकत निघून गेलं. नर खाली उतरून पुन्हा पहाऱ्याला उभा राहिला. सगळं आटोपलं, आता शर्ट घाला, लोक बघतायत, असं चेअरमन काकांच्या कानाशी येऊन म्हणाले. वाळल्याशिवाय तो उतरणार नाही, असं काकांनी त्यांना सांगितलं. रक्षकाने कपाळावरचा घाम पुसला आणि खड्ड्यातून वर बघत विचारलं, "काका, किती खोल घेऊ?"

"मी गेल्यावरही उभा राहील इतका," नियमकाका म्हणाले, आणि सगळ्या खिडक्यांसमोर, बनियनवर, शर्ट वाळेपर्यंत तिथेच उभे राहिले.